पाय दाखव

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. वसमतला माझी हळद-तिखट दळायची गिरणी आहे. यंत्र चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं तर आवाज काढावाच लागतो, आणि मग तो यंत्र बंद झाल्यावरही खाली येत नाही. सासू होती तोवर म्हणायची, या बाईला हळू बोलायचं औषध कुठं मिळालं तर आणा. औषध मिळालं नाही. कबड्डी मिळाली.

गिरणीच्या मागं मोकळं मैदान आहे. तिथं पोरींचा संघ सराव करायचा आणि तहान लागली की माझ्या माठावर तुटून पडायचा. मी वैतागायचे. माठ भरायचा मी, रिता करायचा यांनी, वर पेला कुठंही टाकून जायचं. एकदा अशाच रागात, एकेकीला चांगली खरडायची म्हणून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात तांड्यावरची एक सावळी, काटक पोरगी चढाईला निघाली. समोर सगळ्याजणी हात पसरून उभ्या. ही त्यांच्यात शिरली, एकीच्या खांद्याला हात लावला, दुसरीनं धरलेला घोटा सोडवला आणि मध्यरेषेवर आडवी पडली. तिची बोटं रेषेपलीकडं टेकलेली होती. माझ्या तोंडून काय निघालं ते मला ठाऊक नाही, पण शेजारच्या गोदामातल्या बाया काय झालं म्हणून पळत आल्या. त्या दिवसापासून मी त्या संघाची झाले, आणि त्या बायाही झाल्या.

आम्हाला संघाच्या रंगाचे कपडे विकत घ्यावे लागले नाहीत. हळद निवडणाऱ्या, पोती शिवणाऱ्या, दळणाऱ्या, सगळ्यांचे हातपाय हंगामभर पिवळेच असतात. गावोगावचे लोक आम्हाला पिवळी फौज म्हणायला लागले. फौजेला सामन्याला नेऊन आणायचं काम टेम्पोवाल्या चाचांचं. चाचा एरवी हळदीची पोती वाहतात. "पोतं हलत न्हाई, बोलत न्हाई," ते म्हणायचे. "तुमी बाया दोनी करता. गाडीला तकलीफ होती." आणि मैदानावर पोचलो की सगळ्यात पुढं जाऊन तेच बसायचे. पोरींचा संघ हारला की त्या दिवशी चाचा जेवत नसत, हे त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलंय.

तर या आमच्या संघाला जिल्ह्याच्या लीगमधून काढून टाकलं.

बातमी मोबाईलवर आली तेव्हा मी मिरच्या दळत होते. नव्या हंगामातल्या संघांची नावं आली होती. त्यात वसमत नव्हतं, पुसेगाव होतं. मी पुन्हा वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. मग डोळे चोळले, आणि मिरचीचे हात डोळ्यांना लागल्यावर जे व्हायचं ते झालं. गिऱ्हाइकांना वाटलं बाई संघासाठी रडतेय. रडत नव्हते. पण त्यांना तसं वाटलं तर वाटू दे म्हटलं.

गेल्या हंगामात आमच्या हातून एक गोष्ट झाली होती, ती सांगायलाच हवी. शेवटच्या सामन्यात आमच्या त्या तांड्यावरच्या पोरीचा पाय रेषेबाहेर गेला म्हणून पंचांनी तिला बाद दिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पाय गेला नव्हता. तेव्हा आम्ही मैदानात शिरलो. शिरलो म्हणजे थोडंसंच. कोणाला हात लावला नाही, पंचांना फक्त विचारलं. आता एवढा जमाव एकदम विचारायला लागला तर माणूस घाबरतो, हे आमच्या ध्यानात आलं नाही. सामना तिथंच थांबला.

पण त्यासाठी नाव कापायचं? आणि कोणाचं, तर त्या पोरीचं. राज्याच्या संघासाठी पोरी बघायला जी माणसं येतात ती लीगचे सामनेच बघतात. लीगमध्ये नसलेल्या संघाची पोरगी कितीही चांगली असू दे, ती त्यांना दिसतच नाही. आणि कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय निघून जाणार. ती माझ्या गिरणीत आली, माठातलं पाणी प्याली, पेला धुऊन जागेवर ठेवला. तिनं पेला धुतलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. "मावशी," ती म्हणाली, "याडी म्हणती, आता बास झालं खेळणं. मी काय सांगू तिला?" याडी म्हणजे त्यांच्यात आई. मी म्हटलं, "सांग, थांब जरा. आमी हिंगोलीला जाऊन येतो."

जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेचं कार्यालय म्हणजे हिंगोलीत सचिव साहेबांच्या दुकानामागची खोली. साहेबांचं फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. आम्ही टेम्पोभर बाया, पोरी आणि चाचा असे दुकानापुढं उतरलो तेव्हा औषध घ्यायला आलेले दोघं शेतकरी बाजूला सरकले. साहेब माणूस साधा, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा. पण त्या दिवशी मला तो चष्मासुद्धा लबाड वाटला.

"साहेब, आमचं नाव काहून कापलं?" मी विचारलं.

"कापलं नाही हो मावशी. या वर्षी घेतलेलं नाही."

"म्हंजे कापलंच ना."

"तांत्रिक कारण आहे," साहेब म्हणाले.

चाचा पुढं झाले. "तांत्रिक बोले तो? कोन्या बाबाला इचारलं तुमी?"

बाया हसल्या, ते शेतकरीही हसले, आणि साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता चोर सापडला. मग ते सांगायला लागले. शिस्त, मैदानातला गोंधळ, पुसेगावच्या नव्या संघाचा उत्साह, वगैरे. पुसेगाव म्हटल्याबरोबर आमच्यातली एक बाई बोलली, "तिकडं साहेबांची बहीण दिली हाय." झालं. आमचा न्याय तिथंच लागला. आता खरं बघायला गेलं तर आमच्या जिल्ह्यात कोणाची सोयरीक कुठं नाही? माझी स्वतःची नणंद पुसेगावच्या पलीकडंच दिलेली आहे. पण राग आला की अशा गोष्टी आठवत नसतात.

त्या दिवसापासून संघटनेनं काही केलं तरी आम्हाला त्यात काळंबेरंच दिसायला लागलं. साहेबांनी फोन उचलला नाही तर लपले, उचलला तर गोड बोलून गुंडाळतायत. आम्ही दर बाजारच्या दिवशी जाऊन दुकानापुढं बसायला लागलो. भांडलो नाही, घोषणा दिल्या नाहीत. हळद निवडायची सुपं सोबत न्यायचो आणि तिथंच निवडत बसायचो. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, या बाया कोण, काहून बसल्या. मग आम्ही सांगायचो. माझा आवाज मोठा, त्यामुळे एकाला सांगितलं की रस्त्यापलीकडच्यालाही कळायचं.

शेवटी साहेबांनी हात जोडले. "पुसेगावशी एक सामना खेळा. जो जिंकेल तो लीगमध्ये. मग तरी दुकान मोकळं कराल ना?"

आम्हाला काय आनंद व्हावा. येताना टेम्पोत बाया गाणी म्हणत होत्या. पण औंढ्याच्या पुढं आलो आणि चाचांनी गाडी चालवता चालवता म्हटलं, "पंच कोणाचा? त्यांचा. शिट्टी कोणाची? त्यांची. रेघ कोण मारणार? तेच. मंग आपुन काय जिंकणार?" गाणी बंद पडली. सगळ्यांच्या मनात तेच होतं, ते चाचा बोलून गेले एवढंच. इतका अविश्वास बसला होता की जिंकलो तरी हे लोक जिंकू देणार नाहीत असं वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी सरावात त्या पोरीचा घोटा मुरगळला. मी तिला गिरणीत पायरीवर बसवलं आणि हळद-चुन्याचा लेप कालवला. हा लेप आमच्याकडं घरोघरी लावतात. वाटीत पिवळी हळद, त्यात पानाचा चुना घातला की बघता बघता ती कुंकवासारखी लाल होते. आजन्म बघत आले मी हे. पण त्या दिवशी लेप लावताना माझं बोट तिच्या तळव्याला लागलं. तळवा सदाचाच पिवळा, कारण पोरी हळद सांडलेल्या अंगणातूनच मैदानात जातात. जिथं चुन्याचं बोट लागलं तिथं लाल ठिपका उठला. मी तो पुसायला गेले तर निघेना.

मी वाटी खाली ठेवली आणि चाचांना हाक मारली. ते गोदामाच्या त्या टोकाला होते, तरी आले.

"चाचा, रेघ त्यांनाच मारू द्या," मी म्हटलं. "आपुन रेघेच्या बाहेर चुन्याचा पट्टा मारू. आन दोनी संघांच्या पोरींचे तळवे हळदीनं रंगवू. ज्या पोरीचा पाय बाहेर जाईल तिचा तळवा लाल. पंचाला इचारायचंच काम न्हाई. पाय सांगल."

चाचांनी वाकून तो ठिपका पाहिला. मग म्हणाले, "अन एकदा लाल झाल्यावर? दुसऱ्या वेळी कसं कळायचं?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरगीच म्हणाली, "लिंबू चोळला तर?" आम्ही लिंबू कापून चोळला. लाल ठिपका पुन्हा पिवळा झाला. मला इतका आनंद झाला की मी त्या पोरीचा पाय मुरगळलेला आहे हे विसरून तो दाबला, आणि ती किंचाळली.

सामन्याचं ठरवायला दोन्ही संघांची माणसं आणि पंच साहेबांच्या खोलीत जमले, तेव्हा मी हे सांगितलं. साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, "नियमात न्हाई ते समजलं, पर नियमाच्या विरोधात हाय का?" ते पंचांकडं बघायला लागले. पंच म्हणजे एक म्हातारे, निवृत्त झालेले खेळाचे सर. गेल्या वर्षी पाय बाहेर गेला म्हणून बाद देणारे हेच. त्यांच्या चष्म्याच्या काचा पेल्याच्या बुडाएवढ्या जाड होत्या आणि त्यावर आम्ही वर्षभर काय काय बोललो होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सर हसले. "माझी हरकत नाही," ते म्हणाले. "उलट म्हातारपणी बरंच आहे. पण चुना पातळ कालवा, पोरींचे पाय पोळतील." पुसेगावच्या संघाला शिकवणारी एक तरुण बाई होती, तीही हो म्हणाली. तिनं एकच विचारलं, हळद कोण देणार. मी म्हटलं, हळदीची काळजी तू नको करू बाई.

सामना नरसीजवळच्या एका मैदानावर ठरला, दोघांनाही परकं म्हणून. तोवर आमच्या पोरीचा घोटाही बरा झाला होता. आम्ही सकाळीच पोचलो. टेम्पोत हळदीचं घमेलं, चुन्याचा डबा, पाण्याचे कॅन आणि लिंबांची पाटी. नामदेवाच्या दर्शनाला आलेली माणसं रस्त्यानं जात होती. त्यांनी पाहिलं, बाया ओळीनं बसलेल्या, पोरींचे तळवे हळदीनं माखतायत, बाजूला लिंबं मांडलेली. एक म्हातारा काठी टेकून थांबला. "ही पूजा हाय का करणी?" त्यानं विचारलं. "कबड्डी हाय," आमच्या बाया म्हणाल्या. त्याला ते पटलं नाही, पण गेलाही नाही. सामना संपेपर्यंत लिंबापासून लांब बसून राहिला.

पुसेगावची माणसं पलीकडच्या बाजूला बसली होती. तीही आमच्यासारखीच, रानातली, उन्हानं रापलेली. पोरी चांगल्या होत्या. मला वाटलं होतं, वशिल्याचा संघ म्हणजे कच्चा असेल. पहिल्याच चढाईत त्यांच्या एका उंच पोरीनं आमच्या दोघींना बाद केलं.

मग त्यांचीच दुसरी पोरगी आमच्या कोपऱ्यात शिरली. परतताना ती कडेकडेनं पळाली. पाय गेला की नाही गेला? आमची बाजू म्हणाली गेला, त्यांची म्हणाली नाही गेला. मी गेल्या वर्षीसारखीच आत शिरायला उठले. तेवढ्यात म्हाताऱ्या सरांनी शिट्टी वाजवली आणि त्या पोरीला म्हणाले, "पाय दाखव."

पोरीनं पाय मागं वळवून वर केला. अंगठ्याखाली लालभडक.

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आमची फौज तर ओरडलीच, पण पुसेगावकरसुद्धा ओरडले, कारण असं काही त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. भांडण नाही, हुज्जत नाही. पोरगी स्वतःच्या तळव्याकडं बघून हसली आणि बाहेर जाऊन बसली. मी लिंबाची फोड घेऊन पळत गेले, तिचा पाय चोळला, पाण्यानं धुतला, पुन्हा हळद लावली. तिनं मला "थँक्यू काकू" म्हटलं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानंतर सगळं मैदान वेडं झालं. कोणाचा पाय कडेला गेला की दोन्ही बाजूंनी एकच गलका, "पाय दाखव, पाय दाखव." सर शिट्टी मारायच्या आधीच पोरी पाय वर करायला लागल्या. कधी पिवळा निघायचा, कधी लाल. लाल निघाला की एका बाजूला टाळ्या, पिवळा निघाला की दुसऱ्या बाजूला. आमच्या एका पोरीला सरांनी बाद दिलं होतं, तिचा पाय पिवळाच निघाला, तर सरांनी स्वतःचे दोन्ही कान धरले आणि तिला परत आत पाठवलं. आमच्या बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. गेल्या वर्षी याच म्हाताऱ्यावर धावून गेलो होतो आम्ही. चाचा म्हणाले, "आदमी बुरा न्हाई." मी म्हटलं, "सामना संपू द्या, मंग बोला."

वेळ संपत आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो आणि शेवटची चढाई आमची होती. आमची तांड्यावरची पोरगी उभी राहिली. तिनं मातीला हात लावून कपाळाला लावला. समोर त्यांच्या तिघीच उरल्या होत्या. एकीला हात लागला तर बरोबरी, दोघींना लागला तर आम्ही लीगमध्ये आणि ती निवडीला. हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. बाया गप्प झाल्या होत्या. मीसुद्धा.

ती शिरली. 'कबड्डी, कबड्डी' एवढंच ऐकू येत होतं. डावीकडं झुकली, उजवीकडं वळली, उंच पोरीच्या गुडघ्याला हात मारला. दुसरी तिच्यावर झेपावली, तिचा हात हिच्या पाठीवरून घसरला, आणि घसरता घसरता हिनं तिच्याही मनगटाला स्पर्श केला. मग कडेनं वाऱ्यासारखी आली आणि मध्यरेषा ओलांडून आमच्या अंगणात कोसळली. सरांनी शिट्टी मारली आणि दोन बोटं आमच्या बाजूला केली.

आम्ही जिंकलो होतो. बाया उठून नाचायला लागल्या. चाचांनी टोपी आभाळात उडवली. पुसेगावची माणसं खाली बघत होती, त्यांच्यातल्या कोणी पाय बघायला मागितला नाही. आणि आमच्या फौजेला काय वाटलं कोण जाणे. त्या गलक्याची जिभेला इतकी सवय लागली होती, आणि आपला पाय स्वच्छ आहे याची इतकी खात्री होती, की जगाला दाखवूनच द्यावं असं सगळ्यांच्या मनात एकदम आलं असणार. आम्ही सगळ्या मिळून टाळ्या वाजवत ओरडायला लागलो, "पाय दाखव. पाय दाखव."

पोरगी उठून बसली. तिनं पाय वर केला नाही. आधी स्वतः मांडीवर घेऊन पाहिला. मग आमच्याकडं पाहिलं. टाळ्या चालूच होत्या. तिनं उभं राहून पाय वळवला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला.

टाचेच्या कडेला नखाएवढी लाल रेघ होती.

सर चष्मा पुसत पुढं आले. "शिट्टी झाली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तुम्हालाच दिलं होतं." सचिव साहेबही आत आले होते. त्यांनी काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं, म्हणजे मला भांडता आलं असतं. पण निर्णय द्यायला कोणी उरलंच नाही. पोरगी मैदानाबाहेर चालत गेली आणि बाद झालेल्या पोरी बसतात त्या जागी जाऊन बसली.

आजवर आम्ही हारलो तेव्हा तोंडात शिवी असायची. पंच आंधळा होता, संघटना विकली गेली होती, रेघ वाकडी होती. शिवी घातली की निम्मं दुःख उतरतं. त्या दिवशी शिवी घालायला माणूसच सापडेना. चाचा टोपी शोधत मैदानभर फिरत होते. टोपी त्यांच्या समोरच पडली होती.

तेवढ्यात पुसेगावची ती शिकवणारी बाई माझ्याकडं आली. संघाचं काही विचारायचं तर लोक माझ्याकडंच येत, पाणी माझ्या माठाचं म्हणून असेल. "मावशी," ती म्हणाली, "आमच्याकडं एक जागा रिकामी हाय. ती पोरगी आमच्याकडून खेळली तर? तुमचा संघ व्हय म्हणाला तर साहेब व्हय म्हणतील."

साहेबांनी मान डोलावली. आमच्या बाया मात्र भडकल्या. आमचं नाव कापलं आणि आता आमची पोरगी नेतात. आपली पोरगी आपल्याच संघातून खेळेल, पुढच्या वर्षी बघू. मीही तेच बोलणार होते, तोंड उघडलंही होतं. पुढच्या वर्षी तिचं वय निघून गेलेलं असणार, हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मावशी, तुमी न्हाई म्हणलात तर मी जात न्हाई," ती म्हणाली, आणि मला तिचा संताप आला. एवढा मोठा निर्णय माझ्या डोक्यावर कशाला ठेवतेस, असं वाटलं. आम्ही हिंगोलीला जाऊन सुपं मांडून विचारत बसायचो, आमचं नाव काहून कापलं. आता मी नाही म्हटलं तर हिचं नाव कापणारी मीच, आणि ही तर विचारायलाही येणार नाही. पेला धुऊन ठेवेल आणि घरी जाईल.

"जा," मी म्हटलं. माझा आवाज इतका लहान निघाला की तिला ऐकू आला नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

लीगचा पहिला सामना हिंगोलीला होता. आमच्या फौजेतलं कोणी आलं नाही. चाचांनी मला नेलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिले, म्हणाले, "माझ्याच्यानं होत न्हाई." मी पुसेगावच्या लोकांत जाऊन बसले. साहेब कुठं बसले होते ते मी पाहून घेतलं, पंच कोण ते विचारून घेतलं. भरवसा असा एका दिवसात बसत नसतो. पोरगी पुसेगावच्या निळ्या कपड्यांत होती. पहिल्या चढाईला ती आत गेली आणि समोरच्या संघानं तिला घोट्याला धरलं. दोघीजणी अंगावर पडल्या. ती मातीतून सरकत होती, हात पुढं, मध्यरेषा अजून वीतभर लांब, आणि दम संपत आलेला. आजूबाजूचे लोक 'पुसेगाव, पुसेगाव' ओरडत होते. मी ओठ मिटून बसले होते. हे नाव माझ्या तोंडातून निघणार नाही, असं मी घरून ठरवूनच आले होते.

मग तिनं मान वर करून माणसांकडं पाहिलं. कोणाला शोधत होती मला माहीत नाही. मी उठून उभी राहिले आणि "पुसेगाव" अशी ओरडले की शेजारच्या माणसानं कानावर हात ठेवला. पुन्हा ओरडले, पुन्हा ओरडले, आणि रडत होते, आणि या वेळी हाताला मिरची नव्हती.